कॅज्युअल्टीतला मंगळवार

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आमचे हे तर पाहुण्यांशी ओळख करून देतानाच सांगतात, "ही नर्स आहे, पण हिच्यापासून जरा जपून." त्यामुळे भडकलेल्या माणसांना कसं सांभाळायचं, याच्या शिकवणीला हॉस्पिटलने मला बसवलंय हे कळल्यावर हे सोफ्यावर लोळून हसले. मुलगाही हसला. हसा म्हटलं, हसा. त्या शिकवणीत मी काय पाहिलं ते या दोघांना आजही नीटसं माहीत नाही.

तेव्हा नोएडा नव्यानेच उठत होतं. सेक्टरच्या पाट्या आधी लागल्या होत्या, घरं मागून येत होती. दिल्लीच्या सरकारी हॉस्पिटलात वर्षानुवर्षं घासल्यावर मी तिथल्या एका नव्या खासगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर म्हणून लागले. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटपासून एका बसचा रस्ता. काचेचं दार, ग्रॅनाइटचं रिसेप्शन, कुंड्यांत पामची झाडं आणि टाय लावलेले मॅनेजर. पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून हॉटेलातच शिरले की काय! पण काचेचं दार बसवलं म्हणून आत येणारी माणसं बदलतात थोडीच. एका बाजूला ज्यांच्या शेतांवर हे सेक्टर उभे राहिले ती जुनी गावं. तिथला एक पेशंट आला की जीपमधून अख्खी भावकी उतरायची. दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांतले साहेब लोक. त्यांचं एकच वाक्य, "जानती नहीं मैं कौन हूँ?" हे वाक्य दिल्लीत लहानपणी दुधातून पाजतात की काय, देव जाणे.

आमच्याकडे लातूरची एक पोरगी होती. नर्सिंगचा कोर्स संपवून थेट इथे, पहिलीच नोकरी. माझ्या हाताखाली आली त्याच दिवशी तिच्या हातून ट्रे पडला आणि तोंडातून निघालं, "अगं आई गं!" मी गर्रकन वळले. "मराठी का गं तू?" झालं, तेव्हापासून ती माझ्या गळ्यातच पडली. ड्यूटीवर मला सिस्टर म्हणायची आणि घरी ताई. रविवारी आमच्याकडे पिठलं-भात खायचा, मग सोसायटीच्या मार्केटातल्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा, हा तिचा नेम. तिचे वडील एसटीत कंडक्टर. मुलीला एवढ्या लांब पाठवायला त्यांचा जीव होत नव्हता. हिने जेवण सोडलं, रडली, तेव्हा कुठे तयार झाले. तेही एका अटीवर: काही कमी-जास्त झालं, तर मुकाट्याने परत यायचं आणि मामाने आणलेलं स्थळ बघायचं. त्यामुळे फोनवर ही दर रविवारी तेच सांगायची, "सगळं मजेत आहे, बाबा."

आणि मग ती थप्पड बसली.

भर दुपारची गोष्ट. एका म्हातारीला दम लागला म्हणून मुलाने आणलं होतं. तो औषधं आणायला खाली गेला, तेवढ्यात आम्ही म्हातारीला एक्स-रेला पाठवलं. तो परत आला तर बेड रिकामा, आणि आमची पोरगी बेडवरची चादर बदलतेय. त्याने विचारलं, "माँ कहाँ है?" हिचं हिंदी तेव्हा अडखळत चालायचं. "एक मिनिट" म्हणून ही चादर खोचत राहिली. त्याने फाडकन लगावली. पोर सलाइनच्या स्टँडवर आपटली. मी धावले, वॉर्डबॉय धावले, आणि नेमकी तेव्हाच म्हातारी व्हीलचेअरवर बसून एक्स-रेहून परत आली. तो धटिंगण आईला बघून फरशीवर बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. आई गेली असंच त्याने धरलं होतं. माझं मन मात्र तेव्हा काही विरघळलं नाही. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी पोरीला ऑफिसात बोलावलं. मी बरोबर गेले. टेबलापलीकडे मोठे डॉक्टर आणि टायवाले मॅनेजर. पहिला प्रश्न आला, "तू त्याला काय बोललीस?" दुसरा, "आवाज चढवला होतास का?" पोरगी आपली ओढणीचं टोक पिळत उभी. माझा पारा चढत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दार ढकलून मेट्रन मॅडम आत आल्या.

मेट्रन मॅडम गढवालच्या. लष्करी हॉस्पिटलातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या. उंचीने माझ्या कानाएवढ्या, खिशात कायम भाजलेले चणे, आणि चाल अशी की कॉरिडॉरमध्ये बूट ऐकू आले की वॉर्डबॉय आपोआप ताठ व्हायचे. त्यांनी टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. एक खुर्ची ओढून पोरीला बसवलं, स्वतः तिच्यासमोर वाकल्या आणि विचारलं, "कहाँ लगी, बेटा?"

पोरीने कानामागे हात नेला. मॅडमनी केस बाजूला केले, तर तिथे चांगलं टेंगूळ. दुपारपासून आम्ही इतके जण तिच्या आजूबाजूला होतो, चहा पाजत होतो, त्या माणसाला शिव्या घालत होतो, पण तिथे कुणी बघितलंच नव्हतं. मॅडमनी बर्फ मागवला, कान तपासायला पाठवलं आणि मग मॅनेजरकडे वळल्या. ते काळ्या टी-शर्टातले धिप्पाड पहारेकरी आणायचं म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, आणा खुशाल, पण मला दर मंगळवारी दुपारी कॅज्युअल्टीची माणसं शिकवायला द्या. नर्स, डॉक्टर, वॉर्डबॉय, बिलाच्या काउंटरवरची मुलं, झाडूवाले, आणि तुमचे ते पहारेकरीसुद्धा. आणि हे अशा आवाजात म्हणाल्या की मॅनेजरने मान हलवली.

तर अशी ती शिकवणी. फिजिओथेरपीच्या खोलीत व्हायची. मला वाटलं होतं, फळ्यावर काहीतरी लिहून देतील, आपण जांभया देऊ. कसलं काय! मॅडम स्वतःच नातेवाईक व्हायच्या. कधी गावचे ताऊ म्हणजे थोरले काका, कधी मोबाइल नाचवणारे साहेब, कधी दारू प्यायलेला मेहुणा. चार फूट दहा इंचांची ती बाई दारातून आत यायची ती असल्या आवाजात की अंगावर काटा यायचा. नवा डॉक्टर तर पहिल्या दिवशी खरोखर कपाटामागे गेला.

आणि मग त्या शांतपणे समजावून सांगायच्या. समोरासमोर छाती काढून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं राहायचं. हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवायचं. तळवे दिसू द्यायचे. दार आपल्या पाठीशी असू द्यायचं, त्याच्या नव्हे. गळ्यातला स्टेथोस्कोप, ओळखपत्राची फीत, खिशातली कात्री, सगळं आधी काढून ठेवायचं, कारण तेच त्याच्या हातात यायचं. "शांत व्हा" हे शब्द तर बंदच. त्या म्हणायच्या, शांत व्हा म्हटल्यावर आजवर कुणी शांत झालेला मी पाहिला नाही, तुम्ही पाहिलात? आणि हात उगारलाच तर सरळ तिथून निघायचं. त्यात लाज वाटून घ्यायची नाही, तीही ड्यूटीच. मदत हवी असेल तर ओरडायचं नाही, फक्त म्हणायचं, "स्टोअरमधून निळी चादर आणा." आमच्याकडे सगळ्या चादरी पांढऱ्या. निळी म्हटलं की जाणकाराने समजावं आणि चौघांना घेऊन यावं.

माझी मात्र दर मंगळवारी फजिती. मॅडम साहेब होऊन आल्या, "जानती नहीं मैं कौन हूँ?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोई भी हो, लाइन में लगो!" सगळा वर्ग खदखदून हसला. मॅडम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सिस्टर, अब दो थप्पड़ पड़ेंगे. एक मेरा, एक मेरे भाई का." काय करणार, जित्या माणसाला राग येतोच की! पण हळूहळू माझ्याही तोंडाचा पट्टा जरा आखूड झाला. घरी म्हणे माझ्या आवाजात फरक पडला होता. हे म्हणाले, मॅडमना माझा नमस्कार सांग.

पण या सगळ्यांहून त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. त्या म्हणायच्या, माणूस ओरडतो तो बहुतेक वेळा त्याला काहीच कळवलेलं नसतं म्हणून. काही कळलं नाही की तो मनात सगळ्यात वाईट तेच धरून बसतो. म्हणून आधी बातमी द्यायची. खुर्ची नंतर, पाणी नंतर. बातमी वाईट असली तरी द्यायची, नसली तर अजून काही कळलं नाही एवढं तरी सांगायचं. आम्ही तसं करायला लागलो. दर थोड्या वेळाने कुणीतरी बाहेरच्या बाकड्यांपाशी जाऊन सांगायचं, तुमचा पेशंट आत आहे, सलाइन लावलंय, डॉक्टर बघतायत. आणि खरंच सांगते, बाकड्यांवरचा आवाज अर्ध्यावर आला.

आमची लातूरकरीण वर्गात मागे बसायची. मॅडमनी आवाज चढवला की हिचा हात आपसूक गालावर जायचा. मॅडमनी तिला कधी ओढून पुढे आणलं नाही. तिला काही दिवस वरच्या वॉर्डात दिलं होतं. पण वर्ग सुटताना दर मंगळवारी तिला विचारायच्या, "घर पे बताया?" ही मान हलवायची, नाही. मॅडम म्हणायच्या, घरच्यांनाही बातमी लागते गं. ही मला येऊन म्हणायची, "ताई, सांगितलं तर बाबा दुसऱ्या दिवशी न्यायला येतील. माझं सगळं संपेल." मला तिचं पटायचं. आपल्याकडे हीच तर रीत, घरापासून लांब असलेल्याने घरच्यांना काळजी नको म्हणून सगळं गोड सांगायचं. मीही माझ्या आईला कधी काय सांगितलं होतं?

मग एका मंगळवारी ती आपणहून उठली. मॅडम मेहुणा होऊन ओरडत होत्या, ही तिरकी उभी राहिली, तळवे पुढे, आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "आपका मरीज एक्स-रे के लिए गया है, अभी आएगा." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी खिशातले चणे तिच्या ओंजळीत ओतले. पुढच्या आठवड्यात ती कॅज्युअल्टीत परत आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू, घरी येऊन श्रीखंड केलं.

पण बातमी कुठून कशी फुटेल सांगता येत नाही. आमच्याकडच्या गणपतीत तिच्याच तालुक्याचा एक मुलगा भेटला. कलेक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करत होता. ही बोलता बोलता त्याला सांगून बसली. त्याने घरी फोन केला, घरून शेजारी, शेजाऱ्यांकडून डेपोत. तिथे पोचेपर्यंत थप्पड कुठल्या कुठे गेली आणि मुलगी दिल्लीत मार खाऊन पडलीय, हॉस्पिटलवाले दाबतायत, असं झालं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्याच वेळी, काचेचं दार धाडकन उघडलं आणि खणखणीत मराठी आवाज आला, "माझी लेक कुठंय? कुणी हात लावला माझ्या लेकराला?"

उंच, काटक माणूस, प्रवासाने चुरगळलेला शर्ट, लाल डोळे. रिसेप्शनवर कुणाला एक अक्षर कळेना. टायवाले मॅनेजर पुढे होऊन म्हणाले, "शांत हो जाइए." अरे देवा! त्या माणसाने त्यांचा टायच धरला. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. पण दुसरा हात वर गेला होता आणि काळ्या शर्टातले दोघे धावत येत होते. मी पाहिलं, आता या माणसाला इथे बडवतील, आणि तेही पोरीच्या डोळ्यांसमोर. शिकवलेलं विसरून मी ओरडले, "निळी चा..."

"ताई, नको." ती माझ्या बाजूलाच उभी होती. चेहरा पांढराफटक. तिने खिशातली कात्री काढून माझ्या हातात दिली. गळ्यातली फीत काढली. मग पुढे गेली आणि हातभर लांब, तिरकी उभी राहिली. तळवे उघडे. मागून मेट्रन मॅडम आल्या आणि त्यांनी नुसता हात वर करून पहारेकऱ्यांना जागच्या जागी थांबवलं.

ती त्यांना "बाबा" म्हणाली नाही. बाकड्यावरच्या कुठल्याही नातेवाइकाशी बोलावं तशी बोलली, फक्त मराठीत. "तुमची मुलगी बरी आहे. एका पेशंटच्या मुलाने तिला थप्पड मारली होती. कानामागे सूज आली होती, ती उतरली. कान तपासला, ऐकू नीट येतं. ती आता परत कामावर आहे."

टायवरची मूठ सुटली. मग तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली. "बसा." ते बसले. मी पाणी दिलं. पेला त्यांनी एका दमात संपवला.

"मला का सांगितलं नाहीस गं?" आवाज एकदम खाली आला होता.

"तुम्ही न्याल म्हणून."

"न्यायलाच आलोय." त्यांनी खिशातून तिकिटं काढली. दोन. "सामान भर. आपल्याला नाही करायची असली नोकरी. मार खायची."

ती त्यांच्या पायाशी उकिडवी बसली. म्हणाली, "बाबा, मी लहान असताना तुम्ही एकदा डोक्याला पट्टी बांधून घरी आला होतात. गाडीच्या पायरीवरून पडलो म्हणालात."

त्यांनी तिकिटांची घडी घातली.

"पडला नव्हतात. आईला ठाऊक होतं. मलाही."

त्या माणसाने मान खाली घातली. मग कुणालाच न सांगितल्यासारखं ते म्हणाले, "थांबा नव्हता तिथं गाडी थांबवली नाही म्हणून प्यासिंजरनं मारलं. डेपोत सायबानं विचारलं, तू काय बोललास त्याला?"

मी मेट्रन मॅडमच्या कानात भराभर हिंदीत सांगत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "हाँ. यही पूछते हैं." 

आणि पोरीने विचारलं, "कुठे लागलं होतं, बाबा?"

बस. एवढंच. त्या माणसाने तिचा हात धरला, आपल्या केसांत नेला आणि तिची बोटं एका जागी टेकवली. "इथं," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. भर कॅज्युअल्टीत. बाकड्यांवरची माणसं उठून उभी राहिली. एका गावच्या ताऊंनी आपला गमछा पुढे केला. कुणी त्याला गप्प हो म्हटलं नाही.

तिकिटं लगेचची नव्हती, मंगळवारनंतरची होती. तोवर ते आमच्याकडे राहिले. पिठलं ओरपताना यांना एसटीचे किस्से सांगत होते आणि आमच्या दिल्लीत वाढलेल्या मुलाला निम्मे शब्द कळत नव्हते, तरी तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. मंगळवारी त्यांनी मला विचारलं, "त्या शिकवणीला मी बसलो तर चालंल का?" मॅडम म्हणाल्या, बसायचं नाही, उभं राहायचं. त्यांना वाटलं होतं हा माणूस भडकलेल्या नातेवाइकाचं काम झक्क करेल. ते नको म्हणाले. "ते मला येतंय. मी कंडक्टर बनतो, तुम्ही प्यासिंजर व्हा."

मग मॅडम प्यासिंजर झाल्या. खुर्च्यांच्या रांगांमधून गढवाली शिव्या देत अंगावर आल्या. हा माणूस पुढे सरसावला, थबकला, आणि तिरका झाला. तळवे उघडले. मराठीतच म्हणाला, "पुढच्या थांब्याला उतरवतो, बाई. तिथून तुमचं गाव जवळ पडंल. बसा जरा." आणि मॅडमना, ज्यांना मराठीचा म देखील येत नव्हता, काय कळलं कुणास ठाऊक, त्या बसल्या. पोरगी पहिल्या रांगेत होती. टाळ्या सगळ्यात आधी तिने वाजवल्या.

निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला मी आणि ती गेलो. मनमाडपर्यंतची गाडी, पुढे त्यांची एसटी होतीच. शेवटपर्यंत ते दुसऱ्या तिकिटाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर होईना. तिच्या हातात बॅग नव्हती, एवढंच मी धरून बसले होते. गाडी हलली. खिडकीतून ते नेहमीसारखं जपून राहा म्हणतील असं मला वाटलं.

"रविवारी खरं सांगायचं!" ते ओरडले.

"तुम्हीपण!" ही प्लॅटफॉर्मवरून धावत ओरडली. "कुठे लागलं तेपण!"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आपल्या डोक्यावर त्याच जागी ठेवून दाखवला.